प्लेटोची गुहा अर्ध्यावर सोडणाऱ्यांना

प्रति,
विज्ञानपट दाखवणारे फिल्म क्लब, रसग्रहण शिबिरांचे आयोजक
आणि तिथे हौसेने बोलणारे सर्व वक्ते

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यक्रमांना मी गेली काही वर्षं नेमाने येतो. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसतो, वर्गणी वेळेवर भरतो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायलाही थांबतो. तेव्हा थोडं खडसावून बोलायचा हक्क मला आहे, असं धरून चालतो.

'द मेट्रिक्स' लावायचा असला की आधी एक स्लाइड येते. डावीकडे गुहेचं चित्र, उजवीकडे काळ्यावर ओघळणारी हिरवी अक्षरं आणि मधे बरोबरचं चिन्ह. वक्ते सांगतात, प्लेटो नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ चोवीसशे वर्षांपूर्वी म्हणून गेला की आपल्याला दिसतं ते जग खोटं आहे. मग श्रोत्यांतले एक काका उठतात. हे काका प्रत्येक गावात असतात. ते म्हणतात, "म्हणजे आपला मायावादच की!" टाळ्या पडतात, दिवे मालवतात, सिनेमा सुरू. मागच्या खेपेला मी हात वर केला होता. "प्रश्न शेवटी घेऊ," असं सांगितलं गेलं आणि शेवटी हॉल रिकामा करून द्यायची वेळ झाली. तेव्हा राहिलेलं इथे लिहितो.

गुहेची गोष्ट प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सातव्या भागाच्या सुरुवातीला येते. जेमतेम काही पानांची. प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस ती प्लेटोच्या सख्ख्या भावाला, ग्लॉकोनला, सांगतो. जमिनीखालच्या गुहेत लहानपणापासून बांधून ठेवलेली माणसं. पाय आणि मान अशी जखडलेली की समोरच्या भिंतीखेरीज काही दिसू नये. मागे, वरच्या अंगाला, आग पेटलेली. आग आणि कैदी यांच्या मधून एक वाट जाते आणि वाटेच्या कडेने बुटकी भिंत आहे, बाहुल्यांचा खेळ करणारे स्वतःपुढे आडोसा धरतात तशी. ही उपमा प्लेटोचीच. त्या भिंतीआडून माणसं ये-जा करतात, हातांत भिंतीच्या वर दिसतील अशा दगडी, लाकडी मूर्ती घेऊन. माणसांच्या, जनावरांच्या, नाना वस्तूंच्या. कोणी बोलत जातं, कोणी मुकाट. सावल्या समोर पडतात, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कैद्यांना वाटतं, सावल्याच बोलताहेत. ग्लॉकोन म्हणतो, विचित्र कैदी आहेत हे. सॉक्रेटिस म्हणतो, आपल्यासारखेच.

तुमच्या स्लाइडवर कैदी असतात, आग असते, सावल्या असतात. भिंतीआडची माणसं तेवढी गाळलेली असतात.

मला ती चटकन दिसतात, कारण माझे वडील त्यांच्यातलेच. जिल्ह्याच्या गावी एका थेटरात ते ऑपरेटर होते. शनिवारी रात्रीच्या खेळाला मी त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसायचो. दोन मशिनं. आत कार्बनच्या दोन कांड्या आणि त्यांच्या टोकांमध्ये पेटलेला पांढरा जाळ. कांड्या जळत जायच्या तसं मधलं अंतर जुळवत राहायचं, नाही तर पडद्यावरची नटी पिवळी पडायची आणि खालून शिट्ट्या सुरू. जाळाकडे थेट बघायचं नाही, गडद काचेतून बघायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो फक्त वडिलांसाठी. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्याला चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर पुढचं चित्र त्या मशीनवरून. खाली बसलेल्या शेकडो माणसांच्या डोळ्यांपुढून तो जायचा आणि एकालाही दिसायचा नाही. एकदा त्यांनी मला सांगितलं, सेकंदाला २४ चित्रं सरकतात, आणि चित्र सरकताना दिसू नये म्हणून शटर उजेड अडवतं. म्हणजे लोक जवळजवळ निम्मा वेळ अंधाराकडेच बघत असतात. "आणि तिकीट पूर्ण काढतात," म्हणून हसले.

प्लेटो वाचताना मला ते केबिन आठवतं. गुहेतला भ्रम आपोआप होत नाही. कोणीतरी आग तेवत ठेवतं, कोणीतरी मूर्ती कोरतं, कोणीतरी ती वाहून नेतं. मायावादाशी गाठ घालणाऱ्या काकांनी इथे जरा थांबावं. अंधारात दोरीच्या जागी साप दिसला, तर तो साप कोणी आणून ठेवलेला नसतो. दिवा आणला की दोरी उरते आणि सापाचा मागमूसही राहत नाही. प्लेटोची सावली अशी विरून जात नाही. ती मूर्तीची सावली आहे, मूर्ती बाहेरच्या खऱ्या वस्तूची नक्कल आहे. खरेपणाला पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर माणसं कामाला लागलेली आहेत. 'रिपब्लिक' हा राज्य कोणी करावं आणि करणाऱ्यांना कसं घडवावं यावरचा ग्रंथ. गुहेची गोष्ट सुरू करतानाच सॉक्रेटिस म्हणतो, शिक्षण असण्या-नसण्याने आपली काय गत होते ते या चित्रावरून बघ. पहिल्याच वाक्यात हे आहे. तुमच्या स्लाइडवर 'शिक्षण' हा शब्द मी अजून पाहिलेला नाही.

ग्रीस आणि भारत जोडायचेच असतील तर खराखुरा पूल आहे. एलिसचा पिऱ्हो हा ग्रीक तत्त्वज्ञ इ.स.पू. चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर इकडे आला आणि नग्न साधूंना भेटला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लाएर्टियस लिहून गेला आहे. कशाबद्दलच ठाम मत द्यायचं नाही आणि त्यातून मन शांत ठेवायचं, ही त्याची रीत. एक संध्याकाळ पिऱ्होवर ठेवा आणि काकांना अध्यक्ष करा.

आता सुटलेला कैदी. त्याला उभं केलं जातं, मान वळवायला लावतात, उजेडाने डोळे दुखतात, त्याला पुन्हा सावल्यांकडे पळावंसं वाटतं. खडबडीत चढावरून त्याला फरफटत वर नेतात. बाहेर आल्यावरही आधी सावल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचे तारे आणि चंद्र, आणि सगळ्यात शेवटी सूर्य. 'मेट्रिक्स'मध्ये यंत्रांनी माणसांना झोपवून एका खोट्या जगात ठेवलेलं असतं. त्यातून सुटलेला नायक निओ खऱ्या जगात डोळे उघडतो तेव्हा विचारतो, डोळे का दुखताहेत? त्याला सोडवणारा मॉर्फियस सांगतो, तू ते कधी वापरलेच नाहीस. हा प्रसंग तुम्ही थांबवून दाखवता आणि अगदी योग्य करता. पण तिथेच पुस्तक मिटता, आणि प्लेटोची गोष्ट खरी अवघड होते ती त्याच्या पुढे.

बाहेर पडलेल्याला परत खाली जायचं असतं. उजेडातून आलेल्या डोळ्यांपुढे नुसता काळोख. गुहेत एक स्पर्धा चालते: समोरून जाणारी सावली कोण चटकन ओळखतो, कोणती आधी, कोणती नंतर, कोणत्या जोडीने येतात हे कोणाला आठवतं, पुढची कोणती येणार हे कोण सांगतं. जिंकणाऱ्याला मान, बक्षिसं. (आपल्या क्लबची प्रश्नमंजूषा आठवून मला इथे ओशाळल्यासारखं झालं. दोनदा बक्षीस मीच नेलं आहे.) परतलेला या स्पर्धेत आपटतो. लोक हसतात, म्हणतात, वर गेला आणि डोळे घालवून आला. त्याने कोणाला सोडवून वर न्यायचा प्रयत्न केला आणि तो यांच्या हाती सापडला, तर हे त्याला मारूनच टाकतील. प्लेटोने हे लिहिलं तेव्हा सॉक्रेटिसला विषाचा प्याला देऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. कोणाबद्दल चाललंय, ते अथेन्सच्या वाचकाला सांगावं लागलं नसेल.

निओही परत जातो. फोनच्या तारेवरून पुन्हा पुन्हा त्या सावल्यांच्या शहरात उतरतो. मॉर्फियस त्याला आधीच बजावतो की ज्यांना सोडवायचं, तेच ही व्यवस्था वाचवायला अंगावर येतील. इथवर 'मेट्रिक्स'च्या दिग्दर्शिका वाचोव्स्की भगिनी प्लेटोच्या बरोबरीने चालतात. मग फाटा फुटतो. प्लेटोचा परतलेला माणूस अडखळतो, निओ उडतो. गोळ्या हवेत थांबवतो. सत्य कळलेल्याची ताकद गुहेत वाढते, हा हॉलिवूडचा शोध आहे. प्लेटोने डोळ्यांदेखत पाहिलं होतं ते उलट: सत्य कळलेला माणूस गुहेत येडा ठरतो. स्लाइडवरच्या त्या बरोबरच्या चिन्हाने नेमका हा फरक गिळला. यावर दोन तास बोलता येईल आणि कॉलेजची पोरं जागी राहतील.

परत जायचं तरी कशासाठी? तुकोबांना बुडणारे लोक डोळ्यांनी बघवत नाहीत, कळवळा येतो म्हणून ते बोलतात. प्लेटोच्या माणसाला कळवळ्यापेक्षा हिशेब खाली ओढतो. नगराने तुला पोसलं, शिकवलं. आता पाळी तुझी. उतर, अंधाराला डोळे सरावू दे. एकदा सरावले की तिथल्यांपेक्षा हजारपट चांगलं दिसेल, कारण कोणती सावली कशाची, हे तुला ठाऊक आहे. हे डोळे सरावण्याचे दिवस, बिनचमत्काराचे, कंटाळवाणे, लोकांचं हसू झेलण्याचे, कुठल्या विज्ञानपटात पाहिल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा, मी पदरच्या पैशाने लावतो.

'द ट्रूमन शो' (१९९८) लावलात, ज्यात ट्रूमनचं अख्खं आयुष्य त्याच्या नकळत टीव्हीवर दाखवलं जातं, तेव्हा तुम्ही ट्रूमनला कैदी म्हणालात. पुन्हा बघा. ट्रूमन हिंडतो-फिरतो, मान वळवतो, संशय घेतो. जागेवर खिळून एकाच चौकटीकडे बघत बसलेले कोण आहेत? टबात बसून बघणारा तो माणूस, ट्रूमनचं तोंड छापलेली उशी कवटाळून बसलेल्या सोफ्यावरच्या दोन म्हाताऱ्या, गाड्यांच्या तळावरचे दोन रखवालदार. ट्रूमन त्यांच्या भिंतीवरची सावली आहे, आणि ती फिरवणारा, त्या टीव्ही-कार्यक्रमाचा कर्ता क्रिस्टोफ वर खोट्या चंद्रात बसलेला आहे. होडीचं टोक रंगवलेल्या आभाळात घुसतं, ट्रूमन पायऱ्या चढून दारातून निघून जातो, बघणारे आनंदाने ओरडतात, रडतात. आणि मग ते रखवालदार एकमेकांना विचारतात, दुसरीकडे काय लागलंय? सावली गुहेबाहेर गेली आणि कैदी जागच्या जागी. दिग्दर्शक पीटर विअरने शेवटच्या काही सेकंदांत प्लेटोला जेवढं जवळून गाठलं तेवढं 'मेट्रिक्स'लाही जमलं नाही, असं माझं मत आहे. तुम्ही मात्र ट्रूमन दारात वाकून नमस्कार करतो तिथेच दिवे लावलेत.

दुसरी तक्रार अशी की तुमच्या ग्रीसमध्ये प्लेटो एकटाच राहतो.

'इन्सेप्शन'मध्ये (२०१०) नायकाचा भोवरा पडला तर तो जागा, फिरतच राहिला तर स्वप्नात. शेवटच्या त्या भोवऱ्यावर तुम्ही तासभर वाद घातलात, पडतो की नाही पडत. प्लेटोच्याच 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, या घटकेला आपण झोपेत आहोत आणि हे बोलणं स्वप्नात चाललंय, की जागेपणी बोलतो आहोत, याचा पुरावा काय देशील? हाच प्रश्न विचारणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या दोन हजार वर्षं आधी. आणि त्याहून जुना हेराक्लिटस म्हणतो, जागे असणाऱ्यांचं जग एकच आणि सामायिक असतं. झोपलेला प्रत्येक जण आपापल्या वेगळ्या जगात वळतो. केवढी साधी कसोटी! शेजाऱ्याला हलवून विचारायचं, तुलाही दिसतंय का? विज्ञानपटाने ही कसोटीच मोडली. 'मेट्रिक्स'मध्ये सगळे झोपलेले आहेत आणि तरी जग सामायिक आहे. 'इन्सेप्शन'मध्ये चार-पाच जण मिळून एका स्वप्नात उतरतात, पण खरं-खोटं ठरवायची वस्तू मात्र खाजगी, तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. (नायकाचा भोवरा तर मुळात त्याच्या बायकोचा.) स्वप्न सार्वजनिक आणि पुरावा खाजगी. हेराक्लिटसला असं डोक्यावर उभं करण्याचं काम सिनेमाने खरंच केलं, आणि आपण भोवऱ्यापाशी अडकून पडलो.

अब्डेराचा डेमोक्रिटस तर तुम्ही कधी बोलावलाच नाहीत. गोड असतं ते रूढीने, कडू रूढीने, उष्ण-थंड रूढीने, रंगही रूढीने. खरे फक्त अणू आणि पोकळी, असं तो म्हणाला. आता 'मेट्रिक्स'मधल्या सुटलेल्या माणसांच्या जहाजावरचं ते जेवणाचं टेबल आठवा. माउस नावाचा पोरगा विचारतो, 'टेस्टी व्हीट' या खाण्याची चव यंत्रांना कशी कळली? कोंबडीची चव कशी असावी हे त्यांना ठरवता आलं नसेल, म्हणून तर ती सगळ्यांसारखी लागत नसेल? हॉलमध्ये हशा पिकतो, आणि हा सिनेमातला सर्वांत ग्रीक क्षण हशात वाहून जातो. डेमोक्रिटसचं मोठेपण असं की त्याने स्वतःवरच डाव उलटवला. गेलन या ग्रीक वैद्याने जपून ठेवलेल्या एका तुकड्यात इंद्रियं बुद्धीला सुनावतात: अगं करंटे, पुरावे आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच आडवं पाडतेस? आम्ही पडलो की तूही पडलीस. खरं जग की भ्रम हे निवडायची ती लाल गोळी, निळी गोळी यांपेक्षा हे मला भारी वाटतं. निओला जहाजावर आली ती जाग खरी, हे त्याला कशावरून कळलं? कधीच न वापरलेल्या त्याच डोळ्यांवरून.

आणि स्फेरस! तो स्टोइक पंथाचा. शहाणा माणूस खोट्या दिसण्याला होकार देत नाही, हे त्यांचं ठाम मत. इजिप्तच्या टॉलेमी फिलोपेटर राजाने गंमत म्हणून त्याच्यापुढे मेणाची डाळिंबं ठेवली. स्फेरस फसला आणि राजा ओरडला, बघ, खोट्याला होकार दिलास! स्फेरस म्हणाला, ही डाळिंबं आहेत, याला मी होकार दिला नाही. ही डाळिंबं असतील असं मानणं वाजवी आहे, याला दिला. गौरीपुढच्या मातीच्या फळाला लहानपणी ज्याने चावा घेतलाय, त्याला हे उत्तर पळवाटेचं वाटेल. मलाही वाटायचं. मग 'टोटल रिकॉल' (१९९०) पुन्हा पाहिला. मंगळावरच्या खोलीत एक डॉक्टर येऊन नायकाला शांतपणे पटवतो की हे सगळं तुझं स्वप्न आहे, ही गोळी घे आणि जागा हो. नायक जवळजवळ तयार होतो. इतक्यात डॉक्टरच्या चेहऱ्यावरून घामाचा एक थेंब ओघळतो. स्वप्नातला माणूस बंदुकीला का घाबरेल? नायक गोळी झाडतो. तो थेंब पुरावा नाही. दिग्दर्शक पॉल वर्होवेनने शेवटपर्यंत नक्की काय ते सांगितलेलं नाही. थेंबावरून वाजवी होतं तेवढंच मानून तो माणूस पुढे गेला. स्फेरसची डाळिंबं. याच्या शेजारी 'मेट्रिक्स'मधला निओचा फितूर साथीदार सायफर बसवा. समोरचा मांसाचा तुकडा नाहीच आहे, हे पक्कं माहीत असूनही तो चवीने चावतो आणि आपली आठवण पुसून मागतो. या तिघांना एका टेबलावर बसवलंत तर चर्चा रंगेल.

'डार्क सिटी'बद्दल (१९९८) थोडक्यात: प्लेटोचा सूर्य कोणी घडवलेला नाही, तो असतो आणि कैद्याला सापडतो. अलेक्स प्रोयासचा नायक मनाच्या जोराने समुद्र स्वतः घडवतो आणि अख्खं शहर सूर्याकडे वळवतो. इथे प्लेटोपेक्षा प्रोटागोरसला बोलवा, माणूस हेच सगळ्याचं माप म्हणणाऱ्याला. त्याच सिनेमाचे काही सेट पुढे 'मेट्रिक्स'मध्ये वापरले गेले, हे बहुतेक तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर प्रश्नमंजूषेत घ्या.

एक गोष्ट मात्र मान्य करून टाकू. प्लेटोने तुमचा क्लब चालू दिला नसता. 'रिपब्लिक'च्या शेवटच्या भागात तो म्हणतो, आरसा घेऊन गावभर फिरा, सूर्य, धरती, जनावरं, भांडीकुंडी सगळं क्षणात तयार होईल. चित्रकार आणि कवी यांचं काम त्याच जातीचं. त्याच्याआधीच्या पिढीतला गॉर्जियस नाटकाबद्दल नेमकं उलटं बोलून गेला: इथे फसवणारा न फसवणाऱ्यापेक्षा प्रामाणिक, आणि फसणारा न फसणाऱ्यापेक्षा शहाणा. मी गॉर्जियसच्या बाजूने आहे, पण वडिलांमुळे प्लेटोही सुटत नाही. निवृत्तीनंतर मी त्यांना एकदा चांगल्या मल्टिप्लेक्समध्ये नेलं. सगळा हॉल हसत होता, रडत होता, आणि ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर बघत होते. मध्यंतरात म्हणाले, "ठिपका येईना रे. कळतच नाही रीळ कुठवर आलंय." सिनेमा काय होता, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही.

तर मागणं एवढंच. पुढच्या खेपेला स्लाइडवरचं ते बरोबरचं चिन्ह काढा. 'रिपब्लिक'ची ती चार-सहा पानं मराठीत मोठ्याने वाचून घ्या, परतीच्या प्रवासासकट. पंधरा-वीस मिनिटं लागतील. 'ट्रूमन शो' शेवटचं अक्षर पडद्यावरून जाईपर्यंत दिवे न लावता चालू ठेवा. प्रश्नोत्तरं चहाच्या आधी घ्या. वाचन करायला कोणी मिळालं नाही तर मी करतो, आवाज बरा आहे. खुर्च्या मांडायला अर्धा तास आधी येईन. काकांनाही निरोप द्या, त्यांच्याशिवाय मजा नाही.

आपला,
शेवटच्या रांगेतला एक वर्गणीदार